शेपटीची सहा उत्तरं

बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास दातांच्या डॉक्टरनं बाईला मारलं. त्यासाठी त्याला फार काही करावं लागलं नाही. त्यानं फासा टाकला, पाच पडले, बाईच्या अंगात जीव होता तीन, विषय मिटला. "संपली," असं म्हणून त्यानं अर्धं बिस्किट तोंडात टाकलं आणि विम्याच्या कचेरीतल्या मुलीनं लगोलग मेलेल्या बाईचे खिसे तपासायला घेतले. टेबलापासून चार हात लांब, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत वही घेऊन बसलेल्या लेखिकेच्या कानांत त्या वेळी एक बारीक शिट्टी वाजायला लागली, आणि लिफ्ट एकदम खाली निघाली की पोट जसं वरच्या मजल्यावर राहतं तसं काहीतरी झालं. तिनं वहीकडे पाहिलं. वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: ‘३.३२. बाई मेली. डॉक्टर हसला.’ अक्षर तिचंच होतं. हे आपण कधी लिहिलं, ते मात्र तिला आठवेना.

खरं कुणी मेलं नव्हतं. चष्म्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत ही कंपनी होती आणि कंपनी खेळ बनवायची: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, सोंगं घेऊन खेळायचे. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी वैदू होतात, आणि दिवसभर माणसांशी नीट वागून साचलेला राग राक्षसांवर काढतात. नव्या ग्रंथात जुने-नवे मिळून बत्तीस पालटे द्यायचे होते. पालटा म्हणजे एखादं कारण घडलं की जनावर होणारा माणूस. मालकाची अट एकच होती. "लांडगा सोडून काहीही आणा. लांडग्याला लोक विटलेत. परवा एकजण म्हणाला, पौर्णिमेला लांडगा होणारे पुष्कळ झाले, सोमवारी माणूस होणारा एखादा दाखवा." मालक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता आणि तिला जनावरबाई म्हणायचा. त्याच्या मते हा किताब होता. तिनंही तो तसाच धरला होता. पन्नाशीजवळ आलेल्या बाईला किताब देणारी माणसं काही रांगेत उभी नसतात.

एकतीस पालटे झाले होते. प्रत्येकाचं एक कार्ड आणि कार्डावर चार रकाने: काय होतं, कशानं होतं, माणसाचं काय उरतं, आणि उतारा, म्हणजे काय केलं की तो पुन्हा माणूस होतो. पहिला रकाना कुणीही भरतं. खरी मेख तिसऱ्यात होती. जनावर झाल्यावरही माणसाचं काहीतरी उरलं पाहिजे, नाहीतर तो नुसता प्राणिसंग्रहालयातून सुटलेला बेडूक. ते उरलेलं तिला सुचायचं नाही. ते तिला दिसायचं. ओळखीच्या माणसांत. तिची पद्धत साधी होती. माणूस घ्यायचा, त्याची एक खोड पकडायची, खोडीला जनावर शोधायचं, आणि मग कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून एक गोष्ट बदलायची: वय, धंदा, बाईचा पुरुष, पुरुषाची बाई. एवढं केलं की झालं. अकरा वर्षांत एकाही माणसानं स्वतःला ओळखलं नव्हतं. माणसाला आरशात सगळं दिसतं, पण जनावरात तो नेहमी शेजाऱ्यालाच पाहतो, असं तिचं मत होतं आणि ते तिनं एका मुलाखतीत सांगितलंही होतं.

बत्तिसावा होता पालमाणूस, आणि त्याचा तिला विशेष अभिमान होता, कारण तो कुणावरूनही घेतलेला नव्हता. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ओट्यामागच्या भिंतीवर तिनं झाडूनं पाल हुसकली, पाल गेली, शेपूट ओट्यावर राहिली, आणि ती शेपूट अशी काही लगबगीनं वळवळत होती, की जणू सगळी कामं तिच्याच अंगावर टाकून बाकीची पाल रजेवर गेली असावी. तिथेच उभ्याउभ्या तिनं कार्ड लिहून काढलं. काय होतं: पाल. कशानं होतं: कुणी थेट प्रश्न विचारला की. माणसाचं काय उरतं: शेपूट. ही शेपूट दिसायला अगदी त्या माणसासारखी असते, खुर्चीत बसते, मान हलवते, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. उत्तरं सहा, सूत्रधारानं गुपचूप फासा टाकायचा आणि पडेल ते उत्तर द्यायचं. एक: बघू. दोन: होईल. तीन: तसं काही नाही. चार: तुला योग्य वाटेल ते. पाच: हं. सहा: जेवलीस का? ही उत्तरं लिहायला तिला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. आपली प्रतिभा अजून शाबूत आहे असं वाटून तिनं स्वतःसाठी दुसरा कप चहा केला होता.

चाचणीच्या टेबलाशी लेखकानं तोंड उघडायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. "पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही समजावायला जाणार आहात का?" असं मालक विचारायचा. त्यामुळे दर बुधवारी ती तोंड शिवून बसायची आणि चार अनोळखी माणसं तिच्या जनावरांचे काय हाल करतात ते टिपून घ्यायची. आजचा प्रसंग सोपा होता. कोणता पालटा कशानं काय होतो आणि त्याचं काय उरतं, याची यादी खेळाडूंपाशी असायचीच. एका गावातली एक बाई खेळाडूंना घरी बोलावते आणि म्हणते, माझ्या नवऱ्याला काहीतरी झालंय, तुम्ही जरा विचारून बघा. खेळाडू विचारतात. पहिल्या प्रश्नाला पाल भिंतीवर जाते, खाली राहते शेपूट. दहा-बारा प्रश्नांनंतर उत्तरांचा मेळ बसेनासा झाला की कुणीतरी वर बघेल, छताच्या कोपऱ्यात पाल दिसेल, आरडाओरडा, पळापळ, मजा. तिनं सगळं मोजून ठेवलं होतं, वीस मिनिटं.

डॉक्टरनं वर पाहिलंच नाही. खेळात तो तलवारबाज होता. सकाळभर लोकांना आ करायला लावून तो इथे आला की कुणाचं ऐकत नसे. तिसऱ्याच प्रश्नाला सूत्रधार झालेला मालक "हं" म्हणाला तेव्हा डॉक्टरनं हात वर केला.

"थांबा. हा माणूस नाहीये. हे त्याचं काहीतरी उरलेलं आहे."

"झालं? इतक्यात?" विमावाली म्हणाली. "मग मी छत बघते. असली भानगड नेहमी छतावर असते."

"छतावर काय असणार? मला सांगा, हा कशानं बदलतो? प्रश्न विचारला की. बरोबर? आपण प्रश्न विचारायला आत्ता आलो. पण या बाईचं लग्न झालंय ना याच्याशी?"

"झालंय," मालक कार्ड बघून म्हणाला. "वर्षं दिलेली नाहीत."

"मग इतक्या वर्षांत हिनं याला एकही प्रश्न विचारला नसेल?"

विमावाली फिदीफिदी हसली. "अगंबाई. म्हणजे तो लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात गेला."

"तेच म्हणतोय मी. पाल कधीच गेली. अकरा वर्षं छतावर कोण बसतं? ही बाई शेपटीबरोबर नांदतेय."

अकरा हा आकडा त्यानं कुठून काढला, कुणास ठाऊक. भिंतीजवळच्या खुर्चीत ती पुढे सरकली. तिला ओरडून सांगायचं होतं की असं नाहीये, कार्ड नीट वाचा, वर बघा, छताकडे बघा मेल्यांनो. पण नियम होता, आणि शिवाय कार्डात तसं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. "मग तिला कळलं कसं नाही इतके दिवस?" विमावालीनं विचारलं. मालकानं कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. "बाईबद्दल काही नाही. साधी माणूस, जीव तीन, एवढंच आहे." तेव्हा डॉक्टर दाढेला झिणझिणी आलेल्या रुग्णाकडे बघावं तसा त्या न दिसणाऱ्या बाईकडे बघत म्हणाला, "नवरा शेपूट झालाय आणि हिला पत्ता नाही, ती साधी माणूस कशी असेल? पालटा तो नाहीच. पालटा हीच आहे. ही काहीतरी आहे, म्हणून तर तो पळाला." आणि त्यानं फासा उचलला.

नंतर मालक हसत तिच्याकडे आला. "झकास झालं हो. उताऱ्याचा रकाना मोकळा राहिलाय तेवढा भरा. आणि त्या बाईचं काहीतरी करा. एवढं मोठं भोक राहिलंय गोष्टीत. शुक्रवारी छापायला जायचंय." ती "बघू" म्हणाली, आणि ते उत्तर आपल्याच तोंडून ऐकून जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं नेहमीसारखी माणसंच होती. तिला मात्र चालताना पाय आपले नसल्यासारखे वाटत होते; टाच टेकली की नाही हे खाली बघून ठरवावं लागत होतं. चष्म्यांच्या दुकानाच्या काचेत शंभर चष्मे मांडलेले होते, एकामागेही डोळे नव्हते. पालमाणूस कुणावरूनही घेतलेला नाही, असं ती मनाशी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला शेपटीची सहा उत्तरं एका आवाजात ऐकू आली. आवाज खोल, किंचित बसलेला, शेवटचं अक्षर गिळणारा. अर्ध्या मिनिटात सुचली म्हणून ती खूश झाली होती. सुचली कुठून? रोज जेवणाच्या टेबलापलीकडून ती सहा वाक्यं तिच्याकडे येत होती. इतर एकतीस वेळा तिनं एक तरी गोष्ट बदलली होती; या वेळी काही बदलायचं सुचलंच नाही, कारण आपण कुणाला उचललंय हेच तिला दिसलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. जगभर माणसं हुंगत फिरणाऱ्या जनावरबाईला स्वतःच्या घरातलं जनावर फासा हातात घेतलेल्या एका दंतवैद्यानं दाखवावं, यात विनोद होता. तो तिला कळत होता, फक्त हसण्याचे स्नायू कुठेतरी गेले होते.

आणि हाच माणूस एके काळी किती बोलायचा. तिचा नवरा लिफ्ट तपासनीस होता. शहरातल्या लिफ्टा वर्षातून एकदा तपासून दाखला द्यायचा, आणि कुणी अडकलं तर बोलावतील तिथे जायचा. घरी आला की बूट काढायच्या आधी गोष्ट सुरू. अडकलेली लिफ्ट पडत नसते, असं तो सांगायचा. पडतात माणसं, कारण ती धीर सोडून दार फाकवतात आणि उडी मारायला जातात. एकदा सहाव्या मजल्यावरची एक गंभीर, कुणाशी न बोलणारी बाई तीन तास अडकली होती आणि दार उघडेपर्यंत मोठमोठ्यानं गात होती; बाहेर येताच तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, मी गात नव्हते. तो ते असं काही करून दाखवायचा, की ती हसून हसून ओट्याला टेकायची. त्यातूनच तिचं पहिलं जनावर झालं, रातकिडी: चारचौघांत मुकी, दार बंद झालं की किर्र. तेव्हा तो केवढा हरखला होता. "अगं, ही आपली सहाव्या मजल्यावरची!" म्हणून त्यानं कार्ड दिव्याखाली धरून दोनदा वाचलं होतं.

मग एका संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, त्यानं तिला आईचं सांगितलं. सासूबाई तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. त्याचे वडील एक दिवस घरातून निघाले ते परत आलेच नाहीत. आणि पुढे कितीतरी दिवस, अंधार पडायला लागला की आई प्रत्येक खोलीच्या दारात उभी राहून त्यांचं नाव घ्यायची. हाक मारल्यासारखं नाही. हलक्या आवाजात, एकदाच. मग कान देऊन ऐकायची, काय परत येतं ते. तो सात वर्षांचा होता आणि पांघरुणात तोंडावर हात दाबून पडायचा, कारण एकदा त्याला भीती वाटली होती की आपणच "ओ" देऊ. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, थोरल्या भावालासुद्धा नाही. सांगून झाल्यावर तो बराच वेळ तिचा हात धरून बसला होता. उजवा हात. आता, सिग्नलपाशी उभी असताना तिला लख्ख आठवलं, की तो हात तिनं थोड्या वेळानं हळूच सोडवून घेतला होता. पाणी आणते म्हणून आत गेली होती. आणि फ्रीजवरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं: वटवाघूळ. नवऱ्याचं नाव घेऊन घराच्या भिंती शोधते.

वटवाघूळ फार गाजलं. त्याला बक्षीस मिळालं. तिनं सोडून गेलेल्या नवऱ्याच्या जागी मेलेला नवरा केला होता, म्हणजे नियमाप्रमाणे एक गोष्ट बदलली होती. पहिला ग्रंथ छापून आला तेव्हा नवऱ्यानं तो एका बैठकीत वाचला, मिटला, आणि म्हणाला, "छान आहे. वटवाघूळ चांगलं जमलंय." मग तो हात धुवायला गेला. ती शाबासकी तिनं अकरा वर्षं जपून ठेवली होती. आत्ता, रस्त्याच्या मधोमध, माणसांचे धक्के खात, ती शाबासकी तिच्या हातात वळवळायला लागली. वाचताना कुणाचे हात घाण होतात?

घरी तो आधीच आलेला होता. मुलगी परगावी शिकायला गेल्यापासून या घरात दोन माणसं आणि एक फ्रीज राहत होता, आणि तिघांत फ्रीजच जास्त आवाज करायचा. नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून आपला कामाचा टॉर्च उघडून आतली पत्ती पॉलिशपेपरनं घासत होता. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, सेल एका रांगेत. तिनं पर्स ठेवली, समोर बसली आणि त्याच्याकडे पाहिलं. टक्कल वाढलं होतं. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं होतं. ताजं नव्हतं, मुळाशी नवीन नख आलेलं होतं. म्हणजे महिना तरी झाला. महिनाभर हा हात समोर ताटाशी येत-जात होता.

"टॉर्चला काय झालंय?" तिनं विचारलं.

"तसं काही नाही."

तीन, असं तिच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं. तिनं ओठ घट्ट मिटले. हा निव्वळ मूर्खपणा होता. "रविवारी पोरीकडे जाऊन येऊ या का?"

"बघू."

"आणि न्हाणीघराचा नळ?"

"होईल."

तो पत्ती घासत होता. बारीक, एकसुरी आवाज येत होता. तिला वाटलं, आता उठावं, तोंड धुवावं, दिवा लावावा आणि सोडून द्यावं. पण जीभ पुढे निघाली होती. बाहेरच्या खोलीचे पडदे बदलू या का, निळे आणू की पिवळे. "तुला योग्य वाटेल ते." आज कुठल्या बाजूला गेला होतास. "हं." पाच झाले. पाचही वेगळे, एकही चुकलेलं नाही. तिच्या मानेवर, केसांच्या खाली, गार बोट ठेवल्यासारखं झालं आणि तिची नजर आपोआप वर गेली, छताच्या कोपऱ्याकडे. तिथे एक जळमट होतं. दुसरं कुणी नव्हतं. अकरा वर्षं छतावर कोण बसतं?

"अरे," ती म्हणाली, आणि आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही, "तू इथे आहेस का?"

त्यानं पत्ती जागेवर बसवली. सेल एकेक करून आत सोडले. झाकण फिरवलं, बटण दाबलं. टॉर्च लागला, विझवला. मग तो वर न बघता म्हणाला, "सहाव्याला ‘जेवलीस का’ आहे. पण तू आत्ता बाहेरून आलीस, म्हणजे जेवली नसणार. ते उत्तर बसत नाही. फासा परत टाक, मी थांबतो."

काही क्षण तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, फ्रीजसुद्धा नाही. मग सगळं एकदम परत आलं. "तू कार्ड वाचलंस?"

"फ्रीजवर लावलं होतंस की. लिंबाच्या चुंबकाखाली."

"मला वाटलं तू... तिथे तर मी सगळीच लावते."

"सगळीच वाचतो. दूध काढायला रोज फ्रीज उघडावा लागतो, डोळे मिटून कसा उघडू?" तो हसला, त्याच्या हसण्याचा आवाज तिला जुन्या भाडेकरूच्या आवाजासारखा वाटला. "आई वटवाघूळ. दादा खेकडा. तुझी ती लग्न मोडलेली मैत्रीण गोगलगाय. तिला पुरुष केलंस, पण चाल तीच. आमच्या कचेरीतले हेडक्लार्क साळिंदर, ते मात्र बेमालूम जमलेत. मी वाट बघत होतो, आपला नंबर कधी लागतो."

"अकरा वर्षं?"

"बत्तिसावा लागला. शेवटून पहिला. घरच्या माणसाला मागेच बसवतात."

"अरे, देवाशप्पथ सांगते, मला माहीत नव्हतं तो तू आहेस. आज कळलं. आज दुपारी."

"हो?" आता त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यात नुसतं कुतूहल होतं, जसं तो तारेचा दोर तपासताना कुठला धागा तुटलाय ते बघायचा. "हे मात्र मला सुचलं नव्हतं. मला वाटायचं, मुद्दाम थांबली आहेस. चांगला मुरू दे म्हणून."

ती रडली नाही. रडणं कुठल्या बाजूनं येतं तेच सापडेना. एवढंच सुचलं म्हणून तिनं विचारलं, पाल पटली का. "पाल पटली," तो म्हणाला. "पण एक चुकलंय. तू लिहिलंयस, प्रश्न विचारला की तो पळतो. प्रश्नाला कोण भितं? उत्तराचं पुढे काय होतं ते ठाऊक झालं, की मग माणूस वळवळायला काहीतरी देऊन निसटतो. आणि त्या बाईचं काहीच लिहिलं नाहीस."

"ती साधी माणूस आहे," ती म्हणाली.

त्यानं टॉर्च उचलून पुन्हा एकदा लावून विझवला.

"आज तिला मारलं," ती म्हणाली. "चाचणीत. दातांच्या डॉक्टरनं. म्हणाला, खरा पालटा तीच आहे. एका फाशात गेली."

"अरे बापरे," तो म्हणाला, आणि तो खरंच दचकला. हातातला टॉर्च टेबलावर आपटला. तिला त्या क्षणी वाटलं, याला कुणीतरी आपल्या माणसाची बातमी सांगितली. "लागलं का फार?" असं त्यानं विचारलं, आणि मग आपण काय विचारलं हे लक्षात येऊन त्यानं टॉर्च सरळ करून ठेवला.

तिनं काळ्या नखाकडे बोट केलं. "हे कधीचं?"

तो बघू म्हणाला नाही. होईल म्हणाला नाही. "मागच्या महिन्यात मी अडकलो," तो म्हणाला. "जुन्या इमारतीतली लिफ्ट. दोन मजल्यांच्या मधे. टॉर्च बंद पडला."

"तू? अडकलास? किती वेळ?"

"चार तास दहा मिनिटं."

"चार तास! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर कुठल्या तरी बुधवारी चार जणांनी बिस्किटं खात मला तिथे मारलं असतं." त्यानं हे कडवटपणे म्हटलं नव्हतं, कुठल्या लिफ्टला किती माणसांची मर्यादा आहे ते सांगावं तसं म्हटलं होतं. "सांगायचं फार होतं गं. त्या दिवशी जिना चढेपर्यंत सांगणारच होतो. दार उघडलं, तर तू ओट्याशी शेपटीकडे बघत उभी होतीस. पेन्सिल शोधत होतीस."

"सांग आता," ती म्हणाली. "मी ऐकते."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याची नजर खाली गेली, टेबलावर, आणि तिथेच थांबली. तिनंही खाली पाहिलं. तिच्या उजव्या हातात पेन्सिल होती. पर्समधून ती कधी बाहेर आली, वर्तमानपत्राचा कोपरा कधी पुढे ओढला गेला, तिला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यात, जाहिरातीच्या समासात, नीट अक्षरात लिहिलेलं होतं: ‘४ ता. १० मि. टॉर्च बंद. दोन मजल्यांच्या मधे.’

तिच्या तोंडातून आवाज निघाला, पाय सापडल्यावर कुत्र्याचा निघतो तसला. तिनं पेन्सिल अशी झटकली की ती ओट्याखाली घरंगळत गेली. कागद चुरगळला. "मी नाही लिहिलं," ती म्हणाली. "अरे, खरंच मी नाही." मी गात नव्हते, असं म्हणणारी ती सहाव्या मजल्यावरची बाई तिला आठवली, आणि त्यालाही आठवली असावी, कारण त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. बाईचा रकाना आता तिला समोर दिसत होता. काय होतं, ते माहीत नाही. त्या जनावराला नाव नव्हतं. कशानं होतं: कुणी जीव मोकळा करायला लागलं की. माणसाचं काय उरतं. तिथे ती थांबली, कारण रकाने भरत होती तेसुद्धा तेच जनावर होतं.

"पाल काढून टाकते," ती म्हणाली. "उद्याच सांगते मालकाला."

"मग बत्तिसावा कोणता देणार?"

"लांडगा."

"शी. लोक विटलेत म्हणाली होतीस ना?"

"विटू देत."

तो हसला, या वेळी त्याच्या स्वतःच्या आवाजात, आणि खुर्ची थोडी पुढे ओढून बसला. जायला निघालेला माणूस खुर्ची पुढे ओढत नाही. ती त्या एवढ्याशा आवाजाला धरून बसली. "हात इकडे ठेव," तो म्हणाला. तिनं ठेवला. उजवा. त्यानं आपला जड, तेलाचा वास येणारा तळवा त्याच्यावर टेकवला, दाराला अडसर घालतात तसा, आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्या तासाचं सांगितलं. मग दुसऱ्याचं. अंधारात त्यानं कुणाचं नाव घेतलं, आणि काय परत आलं, ते सांगितलं. ते सगळं त्यानं तिला सांगितलं, आणि ते तिच्यापाशीच राहिलेलं बरं. ती त्याच्याकडे बघत होती. डोळे पुसत नव्हती, मान हलवत नव्हती, हं म्हणत नव्हती. ती ऐकत होती, मनापासून, शपथ घेऊन सांगता येईल इतकं. फक्त त्याच्या तळव्याखाली तिची बोटं, पाल निघून गेल्यावर ओट्यावर राहिलेल्या शेपटीसारखी, वळवळत होती. आणि ती थांबत नाहीत हे कळत असूनही त्यानं हात उचलला नाही, फक्त थोडा आणखी दाबला, आणि तिसऱ्या तासाचं सांगू लागला.